मूल्यांकन नेमके कुठे अडते?

हल्ली आमच्याकडे येणाऱ्या फोनांमध्ये एक तक्रार वारंवार ऐकू येते. "बँकेचा माणूस घर बघून गेला, फोटो काढले, टेप लावून मोजले, पण रिपोर्ट काही येत नाही. कुणाला सांगता का?" फोन करणाऱ्याची समजूत अशी असते की कुठेतरी एक ओळखीचा साहेब आहे, त्याला एक फोन गेला की घराचे मूल्यांकन दुसऱ्या दिवशी टेबलावर येईल. ही समजूत एजंटांनी चांगली पोसली आहे. दोन-तीन हजार रुपये घेऊन 'व्हॅल्युएशन फास्ट करून देतो' म्हणणारी माणसे आता प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. मी अशा बऱ्याच फायली उघडून पाहिल्या आहेत. साहेबाच्या टेबलावर अडलेल्या फायली त्यांत थोड्या निघाल्या. बाकीच्या घरातल्या कपाटात किंवा पत्र्याच्या पेटीतच अडलेल्या होत्या.

वेळ का महत्त्वाची, हे आधी सांगतो. घर घेणारा माणूस साठेखत करतो, इसार देतो आणि खरेदीखतासाठी दोन किंवा तीन महिन्यांची मुदत घेतो. कर्जावर भिस्त असते. मुदतीत कर्ज मंजूर झाले नाही तर विकणारा मोकळा होतो आणि बऱ्याच साठेखतांत इसार जप्त करण्याचे कलम असते. गेल्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका वायरमनने बायकोचे दागिने मोडून अडीच लाख रुपये इसार दिला होता. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात मूल्यांककाने विचारले की मंजूर नकाशा कुठे आहे. नकाशा विकणाऱ्याकडेही नव्हता. महापालिकेतून नक्कल निघेपर्यंत मुदत उलटली आणि विकणाऱ्याला दरम्यान जास्त भाव देणारे गिऱ्हाईक मिळाले होते. इसारातला काही भाग विनवण्या करून परत मिळाला, बाकीचा गेला. त्या नकाशाची मागणी पहिल्याच दिवशी करता आली असती. पण ती करायची असते हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते, आणि ते सांगणे ज्याचे काम होते त्या एजंटाने फक्त आपले कमिशन सांगितले.

मूल्यांकक म्हणजे कोण, याबद्दलही गोंधळ आहे. तो बहुधा बँकेचा नोकर नसतो. बँकेच्या पॅनेलवरचा स्वतंत्र व्यावसायिक असतो, बहुतेक वेळा सिव्हिल इंजिनिअर किंवा आर्किटेक्ट. संपत्ती कर कायद्याच्या कलम ३४ एबीखाली किंवा कंपनी कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे नोंदणी झालेला. (संपत्ती कर २०१५ मध्येच उठला, पण त्या कायद्याखालची मूल्यांककांची नोंदणी टिकून राहिली, ही आपल्याकडची एक गंमत.) बँक त्याला काम सोपवते, फी बँकेच्या मार्फत तुमच्याकडून घेतली जाते आणि अहवाल तो बँकेला देतो. म्हणून जागेवर आलेल्या मूल्यांककाच्या हातात पैसे ठेवण्याचे काही कारण नाही. चहा द्या, पाणी द्या, पण पाकीट देऊ नका. ते घेणारा माणूस उद्या दुसऱ्याकडूनही घेतो आणि अहवाल त्याच्या बाजूने लिहितो.

जागेवर येऊन तो काय करतो? घर मोजतो, चटई क्षेत्र काढतो. बांधकाम आरसीसी आहे की भिंतींवर तोललेले, किती वर्षांचे, अजून किती वर्षे टिकेल हे पाहतो. चारही बाजूंना काय आहे ते खरेदीखतातल्या चतुःसीमेशी ताडतो. मंजूर नकाशाप्रमाणे बांधले आहे की वर एक मजला चढला आहे हे बघतो. रस्ता किती रुंद, घरात मालक राहतो की भाडेकरू, हे विचारतो. मग परिसरात अलीकडे झालेल्या खरेदी-विक्रीचे भाव आणि सरकारचा वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता, ज्याला आपण सगळे रेडीरेकनर म्हणतो, तो समोर ठेवून किंमत ठरवतो. जागेवरचे काम अर्ध्या-पाऊण तासाचे आणि लिहिण्याचे एक-दोन दिवसांचे. मधले दहा, पंधरा, पंचवीस दिवस कशात जातात, हा खरा प्रश्न आहे.

बहुतेक दिवस जातात ते 'एक कागद कमी आहे' या निरोपात. हा निरोप मूल्यांककाकडून बँकेच्या अधिकाऱ्याकडे, तिथून एजंटाकडे, एजंटाकडून तुमच्याकडे येतो. प्रत्येक टप्प्यावर दोन-दोन दिवस. तुम्ही कागद दिला की तो त्याच वाटेने उलटा जातो. तेव्हा दुसरा कागद कमी असल्याचे कळते. म्हणून सगळे कागद अर्जाबरोबर एकदम द्यावेत. खरेदीखत आणि त्याची सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू. त्याआधीची खरेदीखते, जितकी मिळतील तितकी. शहरात मिळकत पत्रिका, गावात सातबारा. मंजूर नकाशा, बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र. जमीन मुळात शेतीची असेल तर अकृषिक आदेश. चालू वर्षाची घरपट्टी भरल्याची पावती आणि वीजबिल. सोसायटीत फ्लॅट असेल तर शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीचे ना-हरकत पत्र. सगळे स्वच्छ स्कॅन करून, एकाच फाइलमध्ये, क्रमाने लावून द्या. मोबाइलवर तिरपे काढलेले, अर्धे बोट आलेले फोटो पाठवू नका. ते वाचता येत नाहीत म्हणून दोन दिवस गेल्याचे मी पाहिले आहे.

यातले बरेच आता घरबसल्या मिळते. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा आणि मिळकत पत्रिका मिळते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या मोफत ई-सर्चवर पूर्वीच्या दस्तांच्या नोंदी शोधता येतात. आपल्या वस्तीतली दहावी-बारावीची मुले-मुली हे काम मोठ्यांपेक्षा लवकर करतात. त्यांना सांगा.

पण कागद असणे आणि कागद जुळणे यात फरक आहे. आपल्या घरांत खरी अडचण जुळण्याची आहे. खरेदीखतावर आजोबांचे आडनाव तांबोळी, मिळकत पत्रिकेवर अत्तार, घरपट्टीवर वडील शेख आणि मुलाच्या आधार कार्डावर पुन्हा वेगळेच. महाराष्ट्रातल्या मुसलमानांत धंद्यावरून, गावावरून आडनावे पडली. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सरसकट 'शेख' लिहिले, कुणी 'पठाण' लिहिले, कुणी आडनावच लिहिले नाही. मोहम्मदचे 'मो.' झाले, 'महंमद' झाले, इंग्रजीत शेखचे स्पेलिंग चार तऱ्हांनी झाले. घरातल्या माणसाला ठाऊक असते की ही सगळी एकच व्यक्ती. मूल्यांककाला आणि बँकेच्या वकिलाला ते ठाऊक नसते आणि त्यांनी गृहीत धरावे अशी अपेक्षा करणेही बरोबर नाही. दोन नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे. हयात माणसाच्या नावात मोठा फरक असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा आणि त्यानंतर आधार, पॅन, बँक खाते सगळीकडे तेच नाव लावून घ्यावे. हे काम कंटाळवाणे आहे. पण ते कर्जाच्या घाईत करायला घेतले तर महिना खाते. निवांत असताना केले तर एखादा आठवडा.

दुसरी अडचण याहून जुनी आणि अधिक नाजूक आहे. घर अजून मेलेल्या माणसाच्या नावावर असते. अब्बा वारून वीस वर्षे झाली, घरपट्टी त्यांच्याच नावाने येते, वीजबिल त्यांच्याच नावाने भरले जाते आणि कुणाचे काही अडत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४९ सांगते की वारसाने किंवा इतर मार्गाने हक्क मिळाला तर तीन महिन्यांत कळवावे. आपण तीन-तीन पिढ्या कळवत नाही. मग मधल्या भावाला दुकान वाढवायला कर्ज हवे असते, घर तारण द्यायचे असते, तेव्हा कळते की कागदावर या घराचा मालक कबरस्तानात आहे. मूल्यांकक किंमत काढू शकेल, पण त्याच्या अहवालात मालक म्हणून कुणाचे नाव लिहायचे? तो फाइल बाजूला ठेवतो. कायदेशीर शोध घेणारा वकीलही तेच करतो.

आता वारस नोंद करायची ठरते आणि तिथे आपल्या समाजाचा एक जुना दोष उघडा पडतो. भाऊ अर्जात भावांची नावे लिहितात. बहिणींची लिहीत नाहीत. "त्यांची लग्ने झाली, त्यांना त्यांचे दिले" असे म्हणतात. मुस्लिम कायद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा आहे, विधवेला मुले असताना आठवा हिस्सा आहे. हा वाटा निम्माच का, यावर आपण याच पानांवर वाद घातला आहे आणि पुढेही घालू. पण जो निम्मा आहे तोही देत नाहीत, हे कुठल्या कायद्यात बसते? बँकेच्या वकिलाला धर्मशास्त्राशी कर्तव्य नसते. तो साधे विचारतो, मृताला मुली किती? मुली असतील तर त्यांच्या सह्या कुठे आहेत? त्या प्रश्नाने महिनोन् महिने फाइल थांबलेली मी पाहिली आहे. एका घरात दोघी बहिणींनी सही करायला नकार दिला. त्यांनी मागितले ते फार नव्हते: आमचे नाव मिळकत पत्रिकेवर लावा, मग सही करतो. भावांना तो अपमान वाटला. माझ्या मते बहिणींचेच बरोबर होते. नाव न लावता सही मागणे म्हणजे हक्क नाकारून वर उपकारही मागणे.

म्हणून ज्या घरात एखादा मृत्यू झाला आहे तिथे पहिले वर्ष उलटायच्या आत वारस नोंद करा, सगळ्या वारसांची. गावाकडच्या जमिनीसाठी ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन अर्ज करता येतो. शहरात हे काम नगर भूमापन कार्यालयाकडे असते. नोटिशीला आणि हरकतीला मुदत असते, म्हणजे फेरफार एका दिवसात मंजूर होत नाही, हे गृहीत धरून चाला. त्यानंतर कुणा बहिणीला किंवा भावाला आपला हिस्सा खरोखर सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर घेतलेल्या सहीची बँकेत काही किंमत नाही, घरातही नसावी. वारसांत वाद असेल किंवा सरकारी दप्तर मान्य करत नसेल तर दिवाणी न्यायालयातून १८२७ च्या मुंबई विनियम आठप्रमाणे वारस दाखला घेता येतो. मात्र त्याला वेळ लागतो. साठेखत करून मग न्यायालयात जाणे ही उलटी गंगा आहे.

याच ओघात हिब्याचा मुद्दा येतो. मुस्लिम कायद्यात तोंडी हिबा चालतो. देणाऱ्याने जाहीर करावे, घेणाऱ्याने स्वीकारावे आणि ताबा द्यावा, एवढ्या तीन गोष्टी पुरतात. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२९ ने त्याला नोंदणीच्या अटीतून सूट दिली आहे आणि २०११ साली हफीजा बीबी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लेखी हिबाही केवळ नोंदणी नाही म्हणून बाद होत नाही असे सांगितले. हे सगळे खरे. तरीही बँक नोंदणी नसलेल्या हिब्यावर कर्ज द्यायला तयार नसते, कारण उद्या दुसऱ्या वारसाने 'असा हिबा झालाच नाही' म्हटले तर साक्षीदार शोधत फिरावे लागेल. कायद्याने वैध असणे आणि तारण म्हणून चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देणारा हयात असेल तर आजच नोंदणीकृत बक्षीसपत्र करून घ्या. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची विधवा यांना बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार लागू असेल तिथे तो वेगळा. लाखोंची मिळकत आणि २०० रुपयांचे शुल्क, तरी आपण टाळतो. देणारा वारला असेल तर बाकीच्या सर्व वारसांकडून तो हिबा मान्य असल्याचा नोंदणीकृत दस्त करून घेण्यासाठी वकिलाकडे जा. इथेही बहिणींची नावे लागतीलच.

आता वस्त्यांकडे वळू. आपल्यातले पुष्कळ लोक गुंठेवारीत राहतात. छत्रपती संभाजीनगर, मालेगाव, नांदेड, भिवंडी अशा शहरांत शेतजमिनीचे तुकडे पाडून विकले गेले. घेणाऱ्याने बॉण्डपेपरवर लिहून घेतले आणि घर बांधले. मंजूर रेखांकन नाही, अकृषिक आदेश नाही. अशा घराचा अहवाल मूल्यांकक लिहू शकत नाही असे नाही, पण 'बांधकाम अनधिकृत' असे त्यात लिहावे लागते आणि तिथे कर्ज संपते. गुंठेवारी विकास नियमित करण्याचा कायदा २००१ चा आहे. आधी तो १ जानेवारी २००१ पूर्वीच्या बांधकामांपुरता होता. २०२१ मध्ये दुरुस्ती करून मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली गेली. ज्यांनी शुल्क भरून नियमितीकरण प्रमाणपत्र घेतले त्यांच्या फायली पुढे सरकतात, हा आमचा अनुभव आहे. ज्यांनी 'सगळ्यांचे होईल तेव्हा आपले होईल' म्हणून सोडून दिले ते अजून खासगी सावकाराकडे आहेत. त्या सावकाराला मूल्यांकन लागत नाही, आणि त्याच्या व्याजाचा दर काय असतो ते वाचकांना मी सांगायला नको.

गावठाणातल्या घरांचे वेगळे. तिथे सातबारा नसतो, ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो, आणि लोक तोच मालकीचा कागद समजतात. तो कर आकारणीचा कागद आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. तुमच्या गावात मोजणी होत असेल तर त्या दिवशी घरी थांबा, हद्द दाखवा, सर्व वारसांची नावे लिहायला लावा. मुंबई-पुण्यात कामाला असलेल्या भावाचे नाव राहून गेले की पुढची दहा वर्षे ते निस्तरण्यात जातात. आणि घर वक्फच्या जमिनीवर असेल तर मूल्यांकनाची फी भरण्याआधीच बँकेला ते सांगा. वक्फ मिळकत गहाण टाकता येत नाही. लपवले तर शोध अहवालात कळतेच, भरलेली फी मात्र बुडते.

भेटीच्या दिवसाबद्दल थोडे. मूल्यांकक दिवसाला अनेक घरे करतो. तुमच्या दारी आला आणि कुलूप दिसले तर तुमचा नंबर पुढच्या आठवड्यात जातो. आपल्याकडे पत्ते असे असतात: मशिदीच्या मागे, तिसरी गल्ली, पिठाच्या गिरणीसमोर. घर क्रमांक जुना वेगळा, नवा वेगळा. त्यामुळे लोकेशन पाठवा, गल्लीच्या तोंडाशी कुणाला तरी उभे करा आणि दोन्ही क्रमांक कागदावर लिहून द्या. अर्जावर एजंटाचा नंबर असतो, तो फोन उचलत नाही. तिथे घरातल्या माणसाचा नंबर घाला. दिवसा घरी फक्त बायका असतील तर वेळ तशी आधी ठरवून घ्या. पुरुष नाही म्हणून मूल्यांककाला दारातून परत पाठवल्याच्या गोष्टी अजून घडतात. खरे तर कागद माहीत असलेली बाई घरी असेल तर तिनेच घर दाखवावे. यात अडचण काय आहे ते मला कळलेले नाही. घरात भाडेकरू असेल तर त्याला आदल्या दिवशी सांगा. त्याला वाटते आपल्याला काढायला कोणीतरी आले आहे, आणि तो खोली उघडत नाही. सगळ्या खोल्या, गच्ची, पोटमाळा उघडा ठेवा. वाढवलेला मजला लपवू नका. मूल्यांकक गच्चीवर जातोच. परवानगी नसलेला भाग तो किमतीत धरणार नाही, पण लपवलेला भाग सापडला की उरलेल्या कागदांवरही त्याचा विश्वास उडतो.

अहवाल आला आणि किंमत कमी निघाली तर? इथे रिझर्व्ह बँकेचा नियम समजून घ्यावा. गृहकर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. समजा, घर २८ लाखांना ठरले. ९० टक्के म्हणजे २५ लाख २० हजार. मूल्यांककाने किंमत २४ लाख काढली तर बँक कमी आकडा धरते आणि कर्ज २१ लाख ६० हजारांवर येते. तीन लाख साठ हजारांचा खड्डा पडतो आणि तो खासगी उसनवारीने भरला जातो. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च यात सहसा धरत नाहीत. १० लाखांपर्यंतच्या घरालाच तशी सवलत आहे. म्हणून साठेखत करण्याआधी त्या गल्लीतले रेडीरेकनरचे दर आणि अलीकडच्या नोंदणीकृत विक्रीचे आकडे बघून ठेवा. किंमत अन्याय्य वाटली तर आरडाओरडा करू नका. शेजारच्या दोन-तीन घरांची अलीकडची इंडेक्स टू काढा, क्षेत्रफळ आणि भाव समोर ठेवा आणि बँकेकडे लेखी फेरतपासणी मागा. आपल्याकडे मात्र एक पंचाईत होते. शेजारच्या घराचा खरा व्यवहार चाळीसचा आणि कागदावर पंचवीसचा असतो. बाकीचे पैसे रोख देण्याची ही सवय त्या दिवशी कर वाचवते आणि नंतर सगळ्या गल्लीची किंमत खाली ओढते. मूल्यांककाला कागदावरचे पंचवीसच दिसतात.

याच्या उलट आग्रहही होतो. "साहेब, थोडी जास्त लिहा ना." जास्त लिहून मिळालेले कर्ज तुम्हालाच फेडायचे आहे आणि हप्ता थकला तर लिलावात घर त्या फुगवलेल्या किमतीला कुणी घेणार नाही. अशी मागणी आमच्या कार्यकर्त्यांनी कुणाच्याही वतीने करू नये, हे मी स्पष्टपणे लिहून ठेवतो.

आतापर्यंत आपल्या बाजूचे सांगितले. बँकेच्या बाजूचेही सांगितले पाहिजे. कागद पुरे, नावे जुळलेली, हप्ता परवडणारा, तरी काही वस्त्यांची नावे ऐकली की शाखेतला माणूस गार पडतो. 'त्या एरियात आमचा मूल्यांकक जात नाही' असे तोंडी सांगतात. मी स्वतः एका शाखेत हे वाक्य ऐकले आहे आणि ते लिहून द्या म्हटल्यावर समोरच्याने विषय बदलला. हे सहन करण्याचे कारण नाही. रिझर्व्ह बँकेच्या न्याय्य व्यवहार संहितेप्रमाणे कर्ज अर्जाची पोच दिली पाहिजे आणि अर्ज नाकारला तर मुख्य कारणे लेखी कळवली पाहिजेत. म्हणून अर्ज कधीही तोंडी देऊ नका, पोच घ्या. मूल्यांकनाची फी भरलेली पावती जपा. दहा दिवसांत भेट झाली नाही तर शाखाधिकाऱ्याला ईमेल करा: तारीख, अर्ज क्रमांक, फी कधी भरली, भेट का झाली नाही. अहवालाची प्रत मागा. बँकेच्या तक्रार विभागाने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत तक्रार करता येते. ही योजना २०२१ पासून चालू आहे, तक्रार ऑनलाइन होते आणि तिला पैसे लागत नाहीत. तिथे भावना चालत नाहीत, तारखा चालतात. आणि महापालिका किंवा महसूल कार्यालय नक्कल द्यायला टाळाटाळ करत असेल आणि ती सेवा अधिसूचित असेल, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ठरलेल्या मुदतीनंतर अपील करता येते. 'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज करून पावती घेतली असेल तर ती मुदत मोजता येते. खिडकीवर उभे राहून घातलेल्या चकरा कुणी मोजत नाही.

आमच्या शाखांना माझी एक सूचना आहे. आपण रक्तदान शिबिरे घेतो, शिष्यवृत्तीचे अर्ज भरतो. त्याच टेबलावर महिन्यातून एक रविवार घरांच्या कागदांसाठी ठेवा. एखादा निवृत्त तलाठी किंवा भूमापक, एक तरुण वकील, एक स्कॅनर आणि संगणक जाणणारी दोन मुले एवढ्यावर काम भागते. कुटुंबाने पेटी घेऊन यावे. मिळकतीवर कोणाचे नाव आहे, कोण वारले, वारस कोण, बहिणी किती, नकाशा आहे का, हे एका पानावर लिहून द्यावे. जे कमी असेल त्याचा अर्ज तिथेच भरावा. कर्ज हवे असो की नसो. आणि या कामाचे पैसे घेऊ नयेत, नाहीतर आपणही एजंटच होऊ.

शेवटी मूळ दस्तांविषयी. मूल्यांककाला मूळ कागद देऊ नका, त्याला नकला पुरतात. मूळ दस्त कर्ज मंजूर झाल्यावर बँकेत जमा होतात. तेव्हा प्रत्येक दस्ताची तारीख, क्रमांक आणि पाने लिहिलेली यादी बँकेच्या सही-शिक्क्यासह घ्या आणि जमा करण्याआधी सगळ्याचे दोन संच करून एक संच बहिणीच्या किंवा लेकीच्या घरी ठेवा. कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने ३० दिवसांत मूळ कागद परत केले पाहिजेत. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. त्या दिवशी कागद मोजून घ्यायला ती यादी हाताशी असावी लागते.